हरकत कोणी घ्यायची?

परवा शेतीच्या एका कागदासाठी अकोल्याला जाणं झालं. सकाळी अमरावतीहून एसटी धरली, मूर्तिजापूरला चहा घेतला आणि अकराच्या सुमारास त्या कार्यालयात पोचलो. कार्यालयाचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण अशी खोली तुमच्याही गावात असेल. दारावर पाटी होती : ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र. येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे.’ खाली तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव लिहायला जागा. जागा कोरी. आत गेलो तर एसी चालू, खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि साहेबांच्या बोटांत सिगारेट. टेबलावर चहाच्या बशीत तीन थोटकं.

माझ्या बाजूला शिपाई फाइल धरून उभा होता. पन्नाशीचा माणूस. त्याला खोकल्याची उबळ आली, ती त्याने तोंड फिरवून दाबली. साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते काही वाईट मनुष्य नव्हते हो. मला बसा म्हणाले, चहा विचारला. आणि मी? पस्तीस वर्षं वर्गात पोरांना ‘चुकीचं दिसलं की बोलायचं’ असं शिकवलेला मी काय बोललो असेन? म्हणालो, “साहेब, सही कधीपर्यंत होईल?”

बाहेर आल्यावर शिपायाला म्हटलं, “अहो, पाटी तर दारावरच आहे.” तो हसला. म्हणाला, “साहेबाले कोन सांगन, गुरुजी?”

परतीच्या गाडीत तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कारण या सगळ्या विषयाचं मूळ त्या एका वाक्यात आहे असं मला वाटतं. बंद खोलीतल्या धूम्रपानावर सरकारने नियम करावेत का, यावर मी दोन्ही बाजूंचं पुष्कळ ऐकलंय. व्यक्तिस्वातंत्र्य, महसूल, विडी कामगार, पाश्चात्त्यांचं अनुकरण... पण ‘सांगणार कोण’ हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं.

आमच्या तरुणपणी भुसावळ-नागपूर पॅसेंजरने अकोला ते बडनेरा प्रवास म्हणजे धुराचा प्रवास. डब्यात शिरलं की विडीचा ढग. बायका पदर नाकाला लावून बसायच्या, लेकरं खोकायची, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नसे. तेव्हा नियम नव्हता का? होता. १९८९ चा रेल्वे कायदा आजही काढून पाहा. त्याच्या १६७व्या कलमात म्हटलंय की, डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर कोणी धूम्रपान करू नये. दंड शंभर रुपयांपर्यंत. वाचायला किती सभ्य वाटतं! पण ‘हरकत घेतली तर’ हे तीन शब्द नीट पाहा. म्हणजे विडी पेटवायला काही लागत नाही, विझवायला मात्र कोणीतरी उठून भांडायला पाहिजे. आता सांगा, बाजूला लेकरू घेऊन बसलेली मजूर बाई चार गडी माणसांपुढे हरकत घेईल? सासऱ्यासमोर सून घेईल? साहेबासमोर शिपाई घेईल? ज्याला सर्वांत जास्त त्रास, त्याच्याच अंगी हरकत घेण्याची ताकद सर्वांत कमी.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहितोय असं समजू नका. मी स्वतः सिगारेट ओढत होतो. चांगली पंचवीस वर्षं ओढली. शाळेच्या स्टाफरूममध्ये ओढली. आम्ही चौदा शिक्षक, त्यातले पाच ओढणारे. मधल्या सुट्टीत आमची बैठक रंगायची. निवडणुका, कापसाचे भाव, नवीन नाटक, सगळं त्या धुरात.

१९८४ साली एक बाई आमच्याकडे रुजू झाल्या. गणित शिकवायच्या, फार हुशार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “सर, ती खिडकी उघडी ठेवली तर चालेल का?” मी म्हणालो, “बाई, होईल सवय हळूहळू.” बाकीचे हसले. बाईही थोडं हसल्या. त्यानंतर त्यांनी कधी काही म्हटलं नाही. मात्र ऑफ तासाला त्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायला लागल्या. मांडीवर वह्यांचा गठ्ठा, उन्हाळ्यात झळा, पावसाळ्यात झड, तरी बाई तिथेच. आम्ही आपसात म्हणायचो, बाई जरा मानी आहेत, मिसळत नाहीत. अकरा वर्षं त्या व्हरांड्यात बसल्या, मग दुसऱ्या शाळेत गेल्या.

पुष्कळ वर्षांनी, दोघंही निवृत्त झाल्यावर, अकोल्याला एका लग्नात भेटल्या. बोलता बोलता मी म्हटलं, “बाई, तुम्ही तेव्हा आमच्यात कधी बसला नाहीत.” त्या शांतपणे म्हणाल्या, “मला लहानपणापासून दमा आहे, सर. तुम्हाला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हतं. खरं तर मी विचारलंच नव्हतं. त्यांनी एकदा हरकत घेतली होती, खिडकीच्या नावाने घेतली होती, आणि मी ती हसण्यावारी नेली होती. पुढची अकरा वर्षं चौदा जणांच्या खोलीत पाच जणांची सोय झाली आणि एकीला बाहेर बसावं लागलं. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच असेल, तर ते कोणाचं स्वातंत्र्य होतं?

धुराचा दोष फक्त वासापुरता आहे, ज्याला नको त्याने नाक दाबावं, अशी तेव्हा आमची समजूत. पण १९८१ सालीच जपानच्या ताकेशी हिरायामा या संशोधकाने आपला अभ्यास प्रसिद्ध केला होता. स्वतः कधीही सिगारेट न ओढणाऱ्या सुमारे ९१ हजार विवाहित स्त्रियांवर त्यांनी चौदा वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांचे नवरे भरपूर ओढणारे, त्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त. त्यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला, सिगारेट कंपन्यांनी तो खोडून काढायचा आटोकाट प्रयत्न केला. पुढे मात्र देशोदेशीच्या अभ्यासांनी तेच दाखवलं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दुसऱ्याच्या धुरामुळे जगात दर वर्षी दहा लाखांहून अधिक माणसं मरतात. आणि खिडकी उघडून किंवा पंखा लावून तो धोका जात नाही. एसी तर तीच हवा फिरवून फिरवून पुन्हा आपल्याच नाकात घालतो.

आपल्याकडे या गोष्टीला वळण लागलं त्यात एक महाराष्ट्राचा माणूस होता. मुंबईचे मुरली देवरा. त्यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला. सभागृहं, रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कार्यालयं आणि रेल्वेसकट सार्वजनिक वाहनं, इतक्या ठिकाणी धूम्रपान बंद. त्यामागचा विचार साधा होता. राज्यघटनेचं २१वं कलम जगण्याचा हक्क देतं. मग जो ओढत नाही त्याने दुसऱ्याच्या धुराने आपलं आरोग्य का गमवावं? त्याच्या दोन वर्षं आधी, जुलै १९९९ मध्ये, केरळच्या उच्च न्यायालयानेही सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली होती. मग २००३ साली केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा आला, मे २००४ पासून तो लागू झाला. आणि २ ऑक्टोबर २००८ ला, गांधीजयंतीला, नवे नियम आले. त्यात ‘कामाची जागा’ हा शब्द स्पष्ट घातला. म्हणजे सरकारी कचेरी असो की खासगी दुकान-कारखाना, चार भिंतींच्या आत नाही. बसस्थानक आणि रेल्वेस्थानकावरही नाही. दंड २०० रुपयांपर्यंत.

या नियमांतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट दंडाची नाही. जबाबदारी कोणावर टाकली ती आहे. त्या जागेचा जो प्रमुख, त्याने पाटी लावायची, पाटीवर तक्रार घेणाऱ्याचं नाव लिहायचं, ॲश-ट्रे आणि काडीपेटी ठेवायची नाही. तक्रार येऊनही त्याने काही केलं नाही तर दंड त्यालाच. दंड करायचा अधिकारही शाळेत मुख्याध्यापकाला, पोस्टात पोस्टमास्तरला, ग्रंथालयात ग्रंथपालाला, स्टेशनवर स्टेशनमास्तरला दिला. पहा, इथे ‘हरकत घेतली तर’ हे शब्द गेले. बाईंनी खिडकीबद्दल विचारायची गरज उरली नाही. शिपायाने साहेबाला सांगायची गरज उरली नाही. निदान कागदावर तरी.

खरं म्हणजे आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना हे नवीन असायला नको. माझे मामा अकोल्याला एका जिनात मुकादम होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोरं त्यांच्याकडे जायचो. कापसाचा हंगाम, बंड्यांची रांग, आत रेच्यांचा आवाज, सरकी वेगळी, रुई वेगळी, अंगणात कापसाच्या पांढऱ्याशुभ्र गंज्या. फाटकावर एक म्हातारा चौकीदार बसायचा आणि जो येईल त्याच्यापुढे हात करायचा, “बिडी-काडी इथं ठेवा अन् मंग आत जा.” हमाल असो, गाडीवान असो, दलाल असो. एकदा खुद्द शेठ आले. मोटारीतून उतरले आणि काही न बोलता त्यांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट व लायटर चौकीदाराच्या हातावर ठेवला. मी मामांना विचारलं, शेठलासुद्धा? मामा म्हणाले, “ठिणगी काय शेठ पाहून पडते का रे?”

कोणीही कधी म्हटलं नाही की हा आमच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. कोणी म्हटलं नाही की ज्याला आगीची भीती वाटते त्याने हरकत घ्यावी, मग आम्ही विझवू. कापूस बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने फाटकावर माणूस बसवला. माझं म्हणणं एवढंच आहे, की रुईच्या गाठीची जी काळजी आपण आपल्या आजोबांच्या काळापासून घेत आलो, तेवढी काळजी खोलीत फाइल धरून उभ्या राहिलेल्या माणसाच्या छातीची घ्यावी. तोही बोलत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप, सरकारने आमच्या सवयीत नाक खुपसू नये. मला हा आक्षेप अगदीच टाकाऊ वाटत नाही. सरकारने माझ्या ताटात डोकावलेलं मलाही चालणार नाही. पण हा कायदा सिगारेट ओढू नका म्हणत नाही. तो म्हणतो, ज्या खोलीतून दुसऱ्याला उठून जाता येत नाही त्या खोलीत ओढू नका. शिपाई नोकरी सोडून जाऊ शकत नाही, रोगी खाट सोडून जाऊ शकत नाही. आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून कामाच्या सगळ्या बंद जागांत, अगदी दारूच्या पबमध्येसुद्धा, धूम्रपान बंद केलं. असं करणारा तो जगातला पहिला देश. तिथेही मुख्य मुद्दा गिऱ्हाइकाचा नव्हता, तिथे दिवसभर काम करणाऱ्या नोकराचा होता.

दुसरा आक्षेप विडी कामगारांचा. भंडारा-गोंदियाकडे विड्या वळणाऱ्या बायका, गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपान तोडणारी कुटुंबं यांचं पोट त्यावर आहे, हे खरंच आहे आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या कामाची व्यवस्था करणं सरकारचं कर्तव्य आहे. पण त्यांचं पोट चालावं म्हणून माझ्या स्टाफरूममध्ये धूर पाहिजे, हे तर्कात बसत नाही. आणि हा कळवळा ज्यांच्या तोंडून मी ऐकलाय त्यांच्या हातात विडी नव्हे, महागडी सिगारेट होती.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस : कायदे पुष्कळ आहेत, पाळतो कोण? अकोल्याच्या त्या खोलीत पाळला नाही हे मीच सांगितलं. पण त्याच दिवशी मी एसटीने गेलो आणि आलो. दोन्ही वेळा गाडी भरलेली. एकानेही काडी ओढली नाही. चाळीस वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर कंडक्टरसुद्धा ओढायचा! टॉकीजमध्ये पडद्यावर जाणारा तो प्रकाशाचा झोत धुराने निळा दिसायचा, आठवतं? आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. म्हणजे कायद्याने काहीच होत नाही असं नाही. तो खालून वर चढतो एवढंच. एसटीत पोचला, थिएटरात पोचला, साहेबांच्या केबिनपर्यंत पोचायचाय. बसस्थानकावर विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याला दोनशेची पावती फाटते आणि एसीतली सिगारेट कोणाला दिसत नाही, हा खरा अन्याय आहे. जिनाच्या फाटकावर तसं नव्हतं. शेठचं पाकीटही निघत होतं.

कायद्यातही एक फट ठेवलेली आहे. तीस खोल्यांचं हॉटेल, तीस जणांच्या बसण्याची सोय असलेलं उपाहारगृह आणि विमानतळ, यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवायची मुभा दिली. मोठ्यांना सवलत आणि लहान चहावाल्याला बंदी, हे मला पटत नाही. ती जागा झाडणारा, थोटकं उचलणारा माणूस असतोच की.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या भागात धूर कमी झाला, पण तंबाखू गेली नाही. ती खर्र्यात आली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्याही आत निघाले, आणि तंबाखू चघळणारे सुमारे २४ टक्के! कार्यालयाच्या जिन्याचे कोपरे पाहिले की आकडा सांगायची गरज नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं. मग ती बंदी का फसली आणि एसटीतली का टिकली? मला वाटतं, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचं हित त्या नियमात आहे, म्हणून गाडीतले पन्नास डोळे तो नियम राखतात. खर्रा खाणाऱ्याचा नियम राखायला कोणी नसतं. तिथे कायद्यापेक्षा गाडगेबाबांचा मार्गच धरावा लागेल. हातात खराटा घ्यायचा आणि समोरच्याला लाज वाटेपर्यंत झाडायचं. याच मातीतला माणूस तो. असो, तो वेगळा विषय आहे.

कायद्याने सिगारेट सुटते का, असं मला कोणी विचारलं तर माझा अनुभव सांगतो. २००१ च्या निकालानंतर आमच्या शाळेत पाटी लागली. मुख्याध्यापकांनी आम्हा पाच जणांना बोलावून सांगितलं, यापुढे आवारात नाही. आम्ही चडफडलो. फाटकाबाहेर निंबाखाली उभं राहून ओढायला लागलो. आता अकोल्याचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत, डोक्याला दुपट्टा बांधून, दर तासाला फाटकापर्यंत चालत जायचं. दिवसाच्या बारा होत्या, त्या आठ झाल्या, मग चार, आणि २००४ साली एक दिवस शून्य. इच्छाशक्तीचं श्रेय मी घेत नाही. अर्धं श्रेय पाटीला आणि अर्धं उन्हाला.

पण ज्या दिवशी ती पाटी लागली त्या दिवशी मला काय वाटायला हवं होतं, ते फार उशिरा, त्या लग्नात वाटलं. ती पाटी १९८४ साली असती तर बाईंची खुर्ची आत असती. मी चांगला माणूस असतो तरी असती, वाईट असतो तरी असती. माझ्या चांगुलपणावर तिला अवलंबून राहावं लागलं नसतं.

काल तो कागद आणायला पुन्हा अकोल्याला जाऊन आलो. साहेब दौऱ्यावर होते. कागद मिळाला. निघताना बाबूंना म्हटलं, “दारावरच्या पाटीवर नाव लिहायचं राहिलंय.” ते म्हणाले, “कोणाचं लिहू सर?” म्हटलं, “साहेबांचंच लिहा. नियमाप्रमाणे कार्यालयप्रमुखाचीच ती जबाबदारी आहे. मी वाचलाय नियम, पाहिजे तर प्रत आणून देतो.” ते जरा थबकले, मग म्हणाले, “विचारून पाहतो.”

शिपाई दाराशी उभा होता. त्याने माझी पिशवी घेतली आणि जिना उतरेपर्यंत सोबत आला. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. काही बोलला मात्र नाही.

नाव लिहिलं की नाही, ते पाहायला पुढच्या महिन्यात जाणार आहे. तिथलं काम संपलंय, पण एसटीत आता हवा चांगली असते.